इंजिनाला चिकटून राहिलेलं रबर

अण्णा,

मी गॅरेजात तुमच्याच लोखंडी टेबलाशी बसलेय आणि माझं कशात म्हणून लक्ष नाही. समोर फोन ठेवलाय. दर पाच मिनिटांनी एकच नंबर लावते, बेल वाजत राहते, कोणी उचलत नाही. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून गाड्यांच्या कामाची नोंद ठेवायचं जॉब कार्डाचं पुस्तक उलटं करून मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही, आणि आज एका ऑइल फिल्टरपायी लिहायला बसलेय. तुम्ही असता तर ओरडला असता, "लिवत काय बसलीस? गाडी काढ आन जा की मागं!" पण जाऊ कुठल्या रस्त्यानं, तेच तर कळेना झालंय.

नीट सांगते. सकाळी एक रिटायर मास्तर आले, बरोबर त्यांची बायको. गाडी जुनी, छोटी, तुमच्या वेळी सोलापुरात दर दुसऱ्या घरासमोर असायची तीच. आता ती चालवणारी म्हातारी माणसं तेवढी उरलीत, आणि त्यातली बरीचशी माझ्याकडेच येतात. करमाळ्याला लेकीच्या घरी नातीचं बारसं आहे उद्या. "ताई, ऑइल आणि फिल्टर तेवढा बदलून द्या, लांब जायचंय," म्हणाले. मी म्हटलं बसा, अर्ध्या तासात देते. गाडी रॅम्पवर घेतली, चेंबरचा बोल्ट काढला, काळं ऑइल ट्रेमध्ये सोडलं. फिल्टर मागच्या वेळी कुठल्या राक्षसानं आवळला होता कोण जाणे, पट्ट्याच्या पान्यालाही दाद देईना. आपला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, साडेदहालाच पत्रा तापलेला, घाम डोळ्यात उतरायला लागलेला. निघाला एकदाचा. तेवढ्यात बाई विचारायला लागल्या, "ताई, तुम्ही सांगा बरं, नाव काय ठेवावं? ह्यांचं आणि जावयांचं एकमत होईना." मी हसत हसत दोन नावं सुचवली, नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावलं, फिल्टर हातानं बसवला, वर पाऊण फेरा दिला. ऑइल भरलं, गाडी चालू केली, खाली वाकून बघितलं. कोरडं होतं. मास्तर गेले.

तासाभरानं चाचा चहा घेऊन आले. चाचा अजून येतात, अण्णा. तुम्ही गॅरेज टाकलं त्या दिवसापासूनचे तुमचे मिस्त्री, तुम्ही गेलात आणि ते राहिले. सत्तरी ओलांडलीय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काम करत नाहीत, पण सकाळी दहाला येऊन दारातल्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. चहाचा पेला टेबलावर ठेवता ठेवता त्यांची नजर ट्रेकडे गेली. जुना फिल्टर मी निथळायला ठेवला होता. त्यांनी तो उचलला, उलटा केला, आणि म्हणाले, "बेटी, इसका रब्बर किधर है?"

रबर नव्हतं. फिल्टरच्या तोंडाशी त्याची खाच होती, रिकामी. तुम्हाला हे सांगायला नको, पण मलाच स्वतःला परत एकदा सांगावंसं वाटतंय. फिल्टर काढला की त्याच्या तोंडाचं रबर त्याच्याबरोबर निघून यायला हवं. कधी कधी उष्णतेनं ते इंजिनालाच चिकटून बसतं. काळ्या तोंडावर काळं रबर, डोळ्याला दिसत नाही. त्याच्यावरच नवा फिल्टर चढवला की दोन रबरं एकावर एक येतात. उभ्या गाडीत थेंबही गळत नाही. गाडी रस्त्याला लागते, ऑइलचा दाब वाढतो, रबर सरकतं आणि थोड्याच वेळात सगळं ऑइल डांबरावर. मग इंजिन जाम, आणि मागून ट्रक येत असला तर पुढचं मला लिहवत नाही. म्हणून तर तुमचा तो नियम होता. नव्या फिल्टरला हात लावायच्या आधी इंजिनाच्या तोंडावरून उघडं बोट गोल फिरवायचं, फडकं न घेता, आणि ते काळं झालेलं बोट वर करून तुम्हाला दाखवायचं. गिऱ्हाइकं हसायची. तुम्ही हसायचा नाहीत. आज मी बोट फिरवलं का? मघापासून आठवून बघतेय. सुचवलेली दोन्ही नावं आठवतात, बोट आठवत नाही.

मी आणि चाचांनी ट्रेमध्ये कोपरापर्यंत हात घातले. ऑइल जाळीतून गाळलं. रॅम्पखालची माती हातानं चाळली. रबर नाही ते नाहीच. मास्तर मोहोळवरून टेंभुर्णीला गेले की बार्शीच्या अंगानं, हे मी विचारलं नव्हतं. फोन ते सायलेंटवर टाकून पिशवीत ठेवतात, गाडी चालवताना बोलणं त्यांना पसंत नाही, हे मात्र मला सकाळीच कौतुकानं सांगून गेले होते. चाचा हात पुसत पुसत म्हणाले, "फोन लगा तो मेरा नाम बोल. बोल, चाचाने किया, बुड्ढे कू दिखता नै. मेरेकू अब कौन क्या बोलता?" एवढं बोलून बाहेर जाऊन बसले.

आणि मी हे पुस्तक उलटं करून लिहायला बसले. कारण हे मी आधी ऐकलंय, अण्णा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, ह्याच पत्र्याखाली. तुम्हीही ऐकलंत. फरक एवढाच, की तुम्हाला ते खरं वाटलं.

डॉक्टरांची पांढरी गाडी आठवते तुम्हाला? मी एकवीस वर्षांची आहे, बी.कॉम. झालेय, तुम्ही टायपिंगच्या क्लासला घातलंय आणि मी क्लास बुडवून इथे येऊन बसतेय. वर्षभर तुमच्या मागे लागलेय. शेवटी तुम्ही वैतागून म्हणता, "ये. पन एक जरी गाडी तुज्या हातनं परत आली, तर दुकानात पाऊल टाकायचं न्हाय. मग तुजी आई म्हनती ते स्थळ बगायचं, गपगुमान." मी हो म्हणते. तीन महिने नुसते बोल्ट धुते. आणि एक दिवस तुम्ही पार्ट आणायला बाजारात गेलेले असता, डॉक्टरांची गाडी येते, आणि चाचा म्हणतात, आज फिल्टर तू बदल. माझी पहिली गाडी! दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचं लग्न आहे, माझ्या दोन्ही हातांना मेंदी. रंग चढलाय झकास. मी फडक्यानं इंजिनाचं तोंड पुसते, दोनदा पुसते, बोट काही लावत नाही. मेंदी काळी होईल ना. चाचा विचारतात, "देखी ना तू?" मी म्हणते, "हौ चाचा, देखी." ते पुढे काही बघत नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवतात, बाकी काही नाही.

गाडी संध्याकाळी ट्रकच्या मागे दोरीनं बांधून आली. मोहोळच्या अलीकडे बंद पडली होती. डॉक्टर आणि त्यांच्या म्हाताऱ्या आई दोन तास उन्हात उभे होते, आईंना भोवळ आली होती. डॉक्टर एरवी किती हळू बोलायचे, त्या दिवशी त्यांचा आवाज पार चौकापर्यंत जात होता. तुम्ही गाडीखाली शिरलात, फिल्टर काढलात, आणि बाहेर आलात ते तळहातावर दोन रबरं घेऊन. "कुनी केलं ह्ये?" तुम्ही विचारलंत. मी फडकं धरून उभी होते. मला वाटत होतं मी बोलतेय, पण तोंड उघडतच नव्हतं. चाचा पुढे आले. "मेरेसे रह गया, शेठ." त्यावर तुम्ही सगळ्यांसमोर जे बोललात ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे. "इतक्या वर्साचा मिस्त्री तू, आन तुला रबर दिसंना? लाज वाटाय पायजे." तुम्ही त्यांना त्याआधी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. चाचांनी मान खाली घातली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी ठरवलं की घरी जाऊन तुम्हाला सांगायचं. आई भाकरी थापत होती, मी तुम्हाला वाढत होते. तुम्ही म्हणालात, "डोळं गेलं वाटतं त्येचं. आता त्येच्यावर सोडून जमायचं न्हाय." मी म्हटलं, ही भाकरी वाढते आणि सांगते. मग म्हटलं, ताक वाढते आणि सांगते. तुम्ही हात धुवून उठलात. आई म्हणाली, "पोरीच्या हातनं न्हाई झालं, ह्ये नशीब," आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "ती नीट करती काम." अण्णा, मला त्या वेळी इतका आनंद झाला होता, की त्याची लाज मला आजवर वाटते.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? स्थळ बघितलं असतंत. कदाचित मी आज बार्शीला कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटत असते आणि सुखात असते, कोणाला ठाऊक. पण मला ते नको होतं. मला पाना हवा होता. आणि तो मला मिळाला, त्यासाठी चाचांनी काय दिलं ते मी रोज बघत राहिले. त्याआधी चाचांच्या हातून गेलेली गाडी तुम्ही कधी तपासत नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी फिल्टर काढला, की तुम्ही हातातलं काम टाकून यायचात आणि स्वतःचं बोट इंजिनाच्या तोंडावरून फिरवायचात. तोवर चाचा नवा फिल्टर हातात धरून बाजूला उभे. गिऱ्हाईक समोर असो नसो. तुम्ही मान हलवलीत की मग ते बसवणार. अकरा वर्षं, अण्णा! तुम्ही अंथरुणाला खिळलात त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत. माझं बोट तुम्ही कधीच्या काळी बघायचं सोडलं होतंत. उलट लोकांना सांगायचात, "माज्या पोरीच्या हातनं गेलेली गाडी परत येत न्हाय." चाचा तिथेच असायचे. मी खोटं खोटं हसायचे आणि उगाच एखादा पाना शोधायला लागायचे.

मला वाटायचं, आज बोलतील. कधी चिडतील, तेव्हा बोलतील. ते कधीच बोलले नाहीत. मग मला त्यांचाच राग यायला लागला. कशाला मध्ये पडलात? मी मागितलं होतं का? माझं मला निस्तरू द्यायचं होतं. किती वेळा भांडलेय मी त्यांच्याशी भलत्याच गोष्टीवरून, चहा गार का आणला, गेट उघडं का ठेवलं. माणूस इतका निर्लज्ज होऊ शकतो हे मला दुसऱ्या कुणावरून शिकावं लागलं नाही.

फोन वाजतोय. त्यांचाच आहे.

संध्याकाळचे साडेसहा झालेत. हात धुतले, पण नखांतलं काळं गेलेलं नाही, पानाला डाग पडतायत, पडू देत.

मास्तर मोहोळच्या पुढे एका हॉटेलात जेवायला थांबले होते. आधी बार्शी रोडला कुणाच्या तरी घरी पत्रिका द्यायला गेले होते म्हणून उशीर झाला, नाही तर एव्हाना टेंभुर्णी पार केली असती. फोनवर मी नमस्कारसुद्धा केला नाही. "मास्तर, गाडी चालू करू नका, माझ्या हातून चूक झालीय, मी येतेय," म्हटलं. ते म्हणाले, "अहो, पण चांगली चाललीय की." मी म्हटलं, गाडीच्या खाली बघा. फोन कानालाच धरून ते वाकले असावेत. मग म्हणाले, "हो हो, इथे डबकं झालंय."

व्हॅनमध्ये ऑइलचा कॅन, नवा फिल्टर, ट्रे टाकला. चाचा न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले. पाऊण तासाचा रस्ता. मी ट्रकांना हॉर्न मारत होते आणि ते खिडकीतून बाहेर बघत होते. पोचलो तर मास्तर तापलेले. "तिकडे सगळे वाट बघतायत, आणि आम्ही इथे धाब्यावर!" त्यांची बायको मध्ये पडली, "त्यांनी कळवलं ना स्वतःहून? गप्प बसा की जरा." मास्तर काही गप्प बसले नाहीत. चाचांकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, "ह्यांनी केलं होतं का काम?"

आणि चाचा म्हणाले, "हौ मास्तर, मेरी आँख—"

"नाही," मी म्हटलं. फार मोठ्यांदा म्हटलं असावं, कारण हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. "ह्यांनी नाही केलं. मी केलं. ह्यांनी तर चूक पकडली. आणि ह्यांच्या हातून आयुष्यात एकदाही रबर राहिलेलं नाही." शेवटचं वाक्य मास्तरांना कशाला सांगितलं, त्यांना त्याचं काय?  चाचा व्हॅनच्या मागे गेले आणि बराच वेळ ट्रे शोधत बसले. ट्रे समोरच होता.

दोन रबरं निघाली. वरचं एका अंगाला फुगून बाहेर आलं होतं, आणखी थोडी चालली असती तर सुटलंच असतं. ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली तर ऑइल तळाला टेकलेलं. मी गरम इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवलं, भाजलं, परत फिरवलं. मग चाचांना म्हटलं, तुम्हीही फिरवा. त्यांनी वाकून माझ्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "तू देखी ना? बस." आणि नवा फिल्टर माझ्या हातात दिला. मला तिथे गाडीखाली पडल्या पडल्या रडू आलं, अण्णा. ऑइल डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं.

मास्तर निघताना म्हणाले, आता आम्ही दुसरीकडे जाऊ, राग मानू नका. मी कशाला राग मानू? तुमचं ते वाक्य, गाडी परत येत नाही वगैरे, त्याचा आज माझ्यापुरता निकाल लागला, आणि मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नाहीये. गॅरेजात आल्यापासून इकडची वस्तू तिकडे करतेय. तुम्हाला सांगायचं होतं ते वर सगळं सांगून झालं. डॉक्टरांच्या गाडीतलं रबर माझ्या हातून राहिलं होतं. तुम्ही अकरा वर्षं चुकीच्या माणसामागे बोट फिरवलंत. आता तुम्हाला कळलं समजा, तर तुम्ही काय करणार आहात?

मघाशी एक गोष्ट मी लिहिताना गाळली. दुपारी चाचा "मेरा नाम बोल" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले, असं लिहिलंय. ते लगेच उठले नव्हते. मी काही म्हणेन म्हणून ते थांबले होते, आणि मी लगेच "नको" म्हटलं नाही. मी चहा पीत होते. पेला संपेपर्यंत मनातल्या मनात जुळवून बघत होते, मास्तरांना कसं सांगता येईल, वयस्कर माणूस आहे, नजर कमी झालीय, समजून घ्या. चांगलं जुळत होतं. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. मग पेले उचलून गेले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही काही ह्यातून उठून येणार नाही. ज्यांना "माझं चुकलं" असं अठ्ठावीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही, ते इथून दहा पावलांवर लिंबाखाली बसलेत. रोज पाचला घरी जातात, आज अजून गेलेले नाहीत. आत्ताच दारातून डोकावले आणि विचारलं, "क्या लिखती बेटी इत्ता?"

मी म्हटलं, "काही नाही चाचा, जॉब कार्ड आहे."